फळ्यावरचं एक वाक्य

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय, आणि विषय वाचून आमच्या घरचे हसतील. विषय आहे हॉकी! आमच्या रावेरला गल्लीत क्रिकेट, शाळेच्या मैदानावर कबड्डी आणि खो-खो. हॉकी मी आयुष्यभर बघितली ती रेडिओच्या कानाने आणि नंतर टीव्हीवर. पण नात पुण्यात हॉकी खेळायला लागली आणि आबांचा अभ्यास सुरू झाला.

पॅरिस ऑलिंपिकमधला 4 ऑगस्ट 2024 चा भारत-ब्रिटन सामना तुमच्यापैकी अनेकांनी बघितला असेल. अमित रोहिदासला सतराव्या मिनिटाला लाल कार्ड मिळालं आणि उरलेला सामना आपण दहा जणांनी खेळून काढला. 1-1 बरोबरी, मग शूटआऊटमध्ये 4-2 असा विजय. श्रीजेशने कमाल केली. नंतर हॉकी इंडियाने पंचगिरीबद्दल तक्रार केली, त्यात एक मुद्दा असा होता की शूटआऊटच्या वेळी ब्रिटनच्या गोलरक्षकाने व्हिडिओ टॅबलेट वापरला. नियमाचं काय ते जाणकार बघतील. माझ्या डोक्यात मात्र वेगळाच प्रश्न आला. शूटआऊटमध्ये खेळाडूला गोल करायला फक्त आठ सेकंद मिळतात. समोरचा कुठून वळतो, कुठे मारतो हे सगळं पडद्यावर बघितलं तरी त्या आठ सेकंदांत माणूस त्यातलं किती वापरणार?

आता या खेळात माहितीला तोटा नाही. खेळाडूच्या जर्सीच्या आत एक छोटं यंत्र असतं. तो किती धावला, किती वेळा जोरात सुटला, कधी दमला, सगळं ते टिपतं. प्रत्येक पेनल्टी कॉर्नरचं चित्रण असतं. हे बघून अर्थ लावणारी स्वतंत्र माणसं संघाबरोबर असतात. आपल्या महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षक झालेल्या यानेके शॉपमन आधी याच संघाच्या विश्लेषण-प्रशिक्षक होत्या. पण सामना असतो पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार भागांचा. पहिल्या-दुसऱ्या आणि तिसऱ्या-चौथ्या भागामध्ये विश्रांती फक्त दोन मिनिटांची. त्यात पाणी प्यायचं, घाम पुसायचा, श्वास खाली बसवायचा. मग प्रशिक्षकाच्या हातात उरतात एक-दोन वाक्यं. पोतंभर माहितीतून ती दोन वाक्यं निवडायची आणि बाकीची गिळून टाकायची, हे त्याचं खरं काम. यंत्र ते करत नाही.

आणि ती कशी सांगायची, हेही आलंच. आमच्या नातीचंच सांगतो. तिच्या संघातल्या सगळ्या मुलींचे आकडे एकदा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकले गेले. कोण किती धावली, उतरत्या क्रमाने. ही खालून दुसरी. आकडा खरा होता, खोटं काही नव्हतं. पण त्यानंतर दोन आठवडे रोज सकाळी हिचं पोट दुखायला लागलं. "मला नाही खेळायचं हॉकी," इथपर्यंत गाडी गेली. तेरा वर्षांची पोर, काय करणार!

मग तिथल्या एका तरुण ताईंनी तिला बाजूला बसवून मोबाईलवर दोन तुकडे दाखवले. पहिल्यात ही आधीच योग्य जागी उभी होती, म्हणून तिला फार धावावंच लागलं नव्हतं. दुसऱ्यात चेंडू हातचा गेल्यावर ही तीन सेकंद नुसती उभी राहिली होती, आणि मग मागे धावली. ताई म्हणाल्या, "एवढे तीन सेकंद काढून टाक, बस." रात्री फोन आला, "आबा, फक्त तीन सेकंदांचाच प्रश्न आहे!" पोटदुखी गेली.

माहितीचा ढीग तोच. एकीकडे त्यातून मुलीची जागा ठरवली, दुसरीकडे उद्या सकाळी काय करायचं ते सांगितलं. हा फरक मला फार मोठा वाटतो. पण हेही खरं, की चित्रण नसतं तर ते तीन सेकंद ताईंनासुद्धा सापडले नसते. त्यामुळे यंत्राला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

या बाबतीत आपल्या मराठी माणसाचं उदाहरण आहे, ते क्रिकेटमधलं. अमोल मुझुमदार. प्रथम श्रेणीत 11,167 धावा, पण भारताकडून एकही सामना नाही. शाळकरी वयात सचिन-कांबळीची 664 ची भागीदारी चालू असताना पॅड बांधून बसून राहिलेला हाच तो मुलगा. 2023 मध्ये तो भारतीय महिला संघाचा प्रशिक्षक झाला. 2025 च्या विश्वचषकात आपण साखळीत ओळीने तीन सामने हरलो, त्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध 330 धावा करूनही. उपांत्य सामन्यात पुन्हा तोच ऑस्ट्रेलिया, आणि त्यांच्या 338 धावा. एवढं लक्ष्य महिलांच्या एकदिवसीय सामन्यात तोवर कुणी गाठलं नव्हतं. आणि मुझुमदारांनी ड्रेसिंग रूममधल्या फळ्यावर काय लिहिलं? अंतिम सामन्यात जायला त्यांच्यापेक्षा फक्त एक धाव जास्त हवी. बास, एवढंच!

जेमिमा नाबाद 127, हरमनप्रीत 89, आणि नऊ चेंडू राखून विजय. (ही जेमिमा शालेय वयात महाराष्ट्राकडून हॉकीही खेळलेली आहे, बरं का.) पुढे 2 नोव्हेंबरला चषकही आला. फळ्यामुळे सामना जिंकला असं मी म्हणणार नाही. पण 339 चा डोंगर एका धावेएवढा करून दाखवायला आतून हिशेब पक्का लागतो. मुझुमदार आचरेकर सरांचे शिष्य. सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. गोलंदाजाने बाद केलं तर नाणं त्याचं, नाबाद राहिलास तर तुझं. सचिनने अशी तेरा नाणी मिळवली. विकेट सांभाळ, यावर वेगळं व्याख्यान द्यायची गरजच नाही.

आमच्या केळीच्या मुलखातही हेच. एक जुना विद्यार्थी माती परीक्षणाचा अहवाल घेऊन आला होता. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, पालाश... सगळे रकाने भरलेले. म्हणाला, "सर, हे सगळं खरं असेल, पण पोटॅश किती टाकू तेवढं सांगा ना!" मी पडलो मराठीचा मास्तर. शेवटी एका जाणकाराने कागदाच्या मागच्या बाजूला दोन ओळी लिहून दिल्या, आणि गडी खूश होऊन गेला.

प्रगतीपुस्तकाचं काय वेगळं आहे? "गणितात 38" हे बापाला सांगायला ठीक आहे. पण पोराला "तुझी वजाबाकी हातचा घेताना चुकते" हे कळलं, तर तो त्याच रात्री पाटी घेऊन बसू शकतो. तुमच्यापैकी जे अजून शिकवताहेत, त्यांच्या हातात आता आमच्यापेक्षा खूप जास्त आकडे असतात. त्यातलं मुलापर्यंत नेमकं काय जाऊ देता, हे जरूर लिहा. वाचायला आवडेल.