केवडा तुझाच आहे

आगरदांडा, ता. मुरूड, जि. रायगड

चि. भाचीस,

तुझं पत्र आणि सोबतची दोन्ही चित्रं पोचली. एक तुझ्या केवड्याचं, म्हणजे तू घडवलेल्या शेकरूचं: डावा कान थोडा कुरतडलेला, खांद्यावर कोळ्याच्या जाळ्याचं उपरणं, शेपटीच्या टोकाला सुरंगीचा गजरा. दुसरं त्या मुलाने स्वतःचं म्हणून मिरवलेलं. कान तोच, जाळं तेच, गजराही तोच. शेपटी तेवढी निळी केली आहे आणि खाली नाव वेगळं घातलं आहे. तू जाब विचारलास तर म्हणाला, शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे, तो तुझ्या एकटीचा कसा? घरच्यांनी सांगितलं, चित्रच आहे ना, दुसरं काढ. आणि आता तू मला विचारतेस, "मावशी, मी उगाच मनाला लावून घेतेय का?"

मुळीच नाही. तुला लागलं ते खरं आहे आणि तुझं म्हणणंही बरोबर आहे. ते का बरोबर, हे तुला चारचौघांत ठामपणे सांगता यावं म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

त्या मुलाचं अर्धं बोलणं खरं आहे, आधी ते मान्य करू. शेकरू कुणा एकाचं नाही. फणसाडच्या जंगलात माना वर करकरून आपण जे पाहिलं, ते उद्या शंभर मुलांनी काढलं, त्याला कपडे घातले, दोन पायांवर चालवलं, तरी तुला हरकत घेता येणार नाही. माणूस आणि जनावर यांची सरमिसळ असलेली कितीतरी रूपं आपल्याकडे अशी सगळ्यांची आहेत. गणपती आहे, नरसिंह आहे. जंजिऱ्याच्या दरवाजावर हत्तींना पकडून उभा असलेला पशू तू पाहिला आहेस. तसे शरभ महाराष्ट्रातल्या अनेक किल्ल्यांवर कोरलेले सापडतात. शिमग्यात खेळ्यांबरोबर नाचणारा संकासूरही एका गावाचा नाही. काळा पोशाख अंगावर चढवून कमरेला घुंगरं बांधली की तो माणूस त्या दिवसापुरता संकासूर होतो. ही रूपं पिढ्यान्‌पिढ्या हजार हातांनी घडवली. त्यांवर कुणी आपलं एकट्याचं नाव घालू नये.

केवडा मात्र हजार हातांनी घडवला नाही. तो तू घडवलास. त्याचा कान का कुरतडलेला आहे, जाळं कुणाचं आहे, गर्दीत तो कुणाच्या मागे लपतो, हे तुझ्याशिवाय कुणालाही माहीत नव्हतं. आपल्याच जिल्ह्यात पेणला जाऊन बघ. गणपती सगळ्यांचा, त्याची मूर्ती करायला कुणाची परवानगी लागत नाही. पण एखाद्या मूर्तिकाराने स्वतः मातीत घडवलेल्या नव्या मूर्तीवरून दुसऱ्याने गुपचूप साचा काढला, तर त्याला कुणी देवभक्ती म्हणणार नाही. प्राणी सर्वांचा आणि पात्र एकाचं, हा फरक तुझ्या भांडणाच्या मुळाशी आहे.

तुझ्या आईला हे सगळं प्रकरणच परकं वाटतं, म्हणून तिच्यासाठी थोडं लिहिते. पत्र तिलाही दाखव. तू ज्या 'फरी' मंडळींत रमतेस, त्यांची चळवळ अमेरिकेत 1980च्या दशकात विज्ञानकथा आणि कॉमिक्सच्या चाहत्यांतून उभी राहिली. 1989 साली कॅलिफोर्नियात 'कन्फ्युरन्स' हे त्यांचं पहिलं स्वतंत्र संमेलन भरलं. पिट्सबर्गच्या 'अँथ्रोकॉन'ला आता दरवर्षी हजारो लोक येतात. बोलणाऱ्या, चालणाऱ्या, माणसासारख्या वागणाऱ्या प्राण्यांवर प्रेम करणारी ही माणसं. इतर चाहते दुसऱ्याने निर्मिलेल्या नायकावर जीव लावतात. इथे मात्र बहुतेक जण स्वतःचंच एक पात्र घडवतात. त्याला ते 'फर्सोना' म्हणतात. त्याच नावाने एकमेकांना हाक मारतात, त्याचं चित्र काढून घेतात, ऐपत असेल तर त्याचा पूर्ण अंगभर पोशाखही शिवून घेतात. म्हणून त्यांच्यात काही रिवाज फार कसोशीने पाळले जातात: दुसऱ्याचं पात्र आपलं म्हणून वापरायचं नाही, त्याच्यावरून गिरवायचं नाही, मालकाला न विचारता त्याला आपल्या कथेत ओढायचं नाही, आणि त्याच्या तोंडी नको ते तर मुळीच घालायचं नाही.

या रिवाजांमागचं कारण मला पटतं. तू घरी पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसणारी मुलगी. केवड्याच्या तोंडून मात्र तू भांडतेस, विनोद करतेस, अनोळखी माणसांशी मैत्री करतेस. त्याच्या चित्रासाठी तुला कुणी पैसे दिले नाहीत, पण त्याच्यामुळे तुला बोलता आलं. असं पात्र कुणी उचलून नेतं तेव्हा तो तुझा आवाजच आपला म्हणून मिरवत असतो. म्हणून "दुसरं काढ" हा सल्ला मी देणार नाही.

आणि पात्राला असं जपणं हे काही परदेशातून आलेलं खूळ नव्हे. यशवंत केशव पाध्ये यांनी 1916च्या सुमारास 'अर्धवटराव' हा बोलका बाहुला जन्माला घातला. त्यांच्यानंतर रामदास पाध्ये यांनी त्याला बोलतं ठेवलं, आणि आता पुढची पिढीही त्याच मंचावर आहे. शब्दभ्रमाची कला कुणीही शिकावी, बोलकी बाहुली कुणीही करावी. पण शंभर वर्षांहून अधिक काळ अर्धवटराव तोच राहिला, कारण त्याचा स्वभाव, त्याची बोलण्याची ढब आणि आवडाबाईशी चालणारा त्याचा संसार एका घराने जपला. हेच पात्र वाटेल त्याने वाटेल तसं बोलायला लावलं असतं, तर त्याचा लाकडी चेहरा उरला असता आणि अर्धवटराव हरवला असता. पात्रावरच्या मालकीचा खरा उपयोग हा आहे: कुणीतरी एक जण त्याच्या स्वभावाची जबाबदारी घेतो.

रामदास पाध्ये यांच्याच हातचा लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससा, आणि 1993च्या 'झपाटलेला'मधला तात्या विंचूचा बाहुलाही त्यांचाच. तात्या विंचूकडे नीट बघ. चित्रपट महेश कोठारे यांचा, बाहुला पाध्ये यांचा, आवाज आणि ती खुनशी ढब दिलीप प्रभावळकरांची. एका पात्रात तीन जणांचं कसब आहे आणि तिघांचीही नावं घ्यायला हवीत. तुमच्यातही असंच असतं ना? पात्राची कल्पना एकाची, चित्र दुसऱ्याचं, पोशाख तिसऱ्याचा. मालक एक असला तरी बाकीच्या दोघांचं श्रेय पुसायचं नाही.

दुसऱ्याचं पात्र घेऊच नये असं मात्र मी म्हणत नाही. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर 2017 साली चित्रपट आला तेव्हा त्यात खुद्द भागवतच एक पात्र म्हणून होते आणि ती भूमिका प्रभावळकरांनी केली. बनेश ऊर्फ फास्टर फेणे कुणाचा, हे चित्रपटाने पडद्यावरच सांगून टाकलं. घ्यायचं तर असं घ्यावं, ज्याचं आहे त्याला मानाची जागा देऊन. मी चित्रकला शिकवत होते तेव्हा मुलं वह्यांवर चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू काढायची. मी कधी कुणाला अडवलं नाही. गिरवल्याशिवाय हात वळत नाही. फक्त खाली 'चिंटूवरून' असं लिहायला लावायची. शिकण्यासाठी केलेली नक्कल आणि आपलं म्हणून केलेली नक्कल यांत तेवढ्या एका शब्दाचा प्रामाणिकपणा असतो.

आता कायद्याचं. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र काढलं की त्यावर तुझा हक्क आपोआप तयार होतो. नोंदणी केलीच पाहिजे असं नाही. चित्र सुंदर आहे की बेंगरूळ, याच्याशीही कायद्याला कर्तव्य नाही. हा हक्क तुझ्या हयातभर आणि पुढे 60 वर्षं टिकतो. मात्र कायदा नुसत्या कल्पनेला संरक्षण देत नाही, ती मांडली कशी त्याला देतो. सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. म्हणजे 'कपडे घातलेलं शेकरू' ही कल्पना मोकळी, पण तुझा कान, तुझं जाळं, तुझा गजरा ज्या मांडणीत एकत्र आले ती मांडणी तुझी. 1990च्या दशकात 'नागराज' कॉमिक्सवाल्यांनी 'नागेश' नावाच्या तशाच सर्पनायकाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा मनाईहुकूम नागराजच्या बाजूने मिळाला. नाग सगळ्यांचे असले तरी नागराज एकच, असा त्याचा साधा अर्थ.

पण तुला खोटा धीर देणार नाही. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' या मालिकेच्या हक्कधारकांनी एका जाहिरातीविरुद्ध केलेल्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने 2003 साली म्हटलं, की पात्राच्या लौकिकावर बाजारात हक्क सांगायचा तर त्या पात्राला लोकांत स्वतंत्र ओळख हवी. केवड्याला ओळखणारी माणसं मोजकी. त्याच्यासाठी कोर्टाची पायरी चढणं तुला परवडणारं नाही, आणि तुझ्यासारख्या बहुतेकांना ते परवडत नाही. म्हणूनच तुमच्यातले रिवाज मोलाचे आहेत. कायदा पोचत नाही तिथे माणसांनी एकमेकांचा शब्द राखायचा असतो.

तू आता पैसे घेऊन इतरांची पात्रं काढणार आहेस, म्हणून ओसवाल्ड सशाची हकिगत ध्यानात ठेव. वॉल्ट डिस्नेने 1927 साली तो घडवला, पण करारानुसार हक्क युनिव्हर्सलकडे होते. 1928मध्ये ससा त्याच्या हातून गेला. डिस्ने 1966 साली वारला. ओसवाल्ड त्याच्या कंपनीकडे परत आला तो थेट 2006मध्ये. न वाचता किंवा न लिहिता केलेला व्यवहार असा पिढीभर छळतो. आपल्या कायद्यातलं कलम 17 सांगतं, की मोबदला देऊन रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र काढून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक ते काढवून घेणारा. हक्क सोपवायचे तर कलम 19प्रमाणे ते लेखी आणि सहीनिशी हवं. मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरतात. म्हणून प्रत्येक कामाआधी चार ओळी लिहून घे: पात्र कुणाचं, चित्र कुणाचं, छापून विकता येईल का, नाव कुठे घालायचं. आणि कलम 57 लक्षात ठेव. चित्र विकलं तरी ते आपण काढलं असं म्हणण्याचा, आणि आपल्या अब्रूला धक्का लागेल अशी मोडतोड अडवण्याचा हक्क चित्रकाराकडेच राहतो.

त्या मुलाला मात्र आधी एकट्याला लिही; चारचौघांत त्याची लाज काढू नकोस. तो वयाने लहान असेल, केवडा त्याला मनापासून आवडला असेल, त्याची वाट चुकली असेल. तुझं पहिलं चित्र तारखेसह जोड. स्पष्ट लिही की शेकरू तुझंही आहे आणि माझंही, पण हा केवडा माझा आहे. तो वापरणं थांबव, आणि तुला हवं असेल तर तुझं स्वतःचं शेकरू घडवायला मी मदत करते. त्याने ऐकलं नाही तर तुमच्या मंडळींपुढे दोन्ही चित्रं ठेव, पण शिवी, टोमणा, धमकी यातलं काहीही नको.

हाच नियम तुलाही लागू आहे. तुझ्या वहीत तुझ्या मैत्रिणीचा तो चष्मेवाला खवल्या मांजर आहे, आणि तुझ्या नव्या गोष्टीत तू त्याला खोटारडा केला आहेस. ती गोष्ट कुणाला दाखवण्याआधी तिला विचार. ती नाही म्हणाली तर कारण मागू नकोस. त्या पात्राच्या बाबतीत तिचा नकार पुरेसा आहे. ती हो म्हणाली तर गोष्टीच्या पहिल्याच पानावर तिचं नाव घाल.

सुट्टी लागली की दिघीहून जंगलजेटीने ये. येताना केवड्याची सगळी जुनी चित्रं घेऊन ये. प्रत्येकाच्या मागे तारीख आणि तुझं नाव आपण मिळून लिहून काढू.

तुझी,
मावशी