खाली मशीन, वर हात

‘लूप’ म्हटलं की आपल्याला पहिल्यांदा आठवतो तो सी प्रोग्रॅमिंगमधला फॉर लूप! तीच ओळ पुन्हा पुन्हा चालते, कंडिशन संपली की बाहेर. पण संगीतातही लूप असतो, आणि त्याला नावं ठेवणारे खूप. पालघर असो की बोईसर, हळदीत डीजे लागला की मागच्या खुर्च्यांवरून आवाज येतोच, “तेच तेच वाजतंय, मशीन वाजवतंय. यात वाजवणाऱ्याचं काय?”

प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचं मला आवडलेलं उत्तर एका जुन्या रेकॉर्डमध्ये आहे.

१९८२ साली मुंबईत चरणजित सिंग या वादकाने ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ नावाचा आल्बम केला. भैरव, ललित, भूपाळी, तोडी, यमन, मालकंस... असे दहा राग. तबलजी नाही, साथीदार नाही, फक्त रोलँड कंपनीची तीन यंत्रं. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि टीबी-३०३ हे बेसचं मशीन.

आता गंमत बघा. चरणजित सिंग हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचे. आणि ३०३ कशासाठी बनवलं होतं? एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी, त्यासाठी माणूस शोधावा लागू नये म्हणून! म्हणजे बेसवाल्याच्या जागी बसणारं यंत्र, आणि ते वाजवायला घेतलं एका बेसवाल्यानेच.

३०३ च्या एका पॅटर्नमध्ये १६ स्टेप्स असतात. आपण स्वर भरायचे, कुठे जोर, कुठे स्लाइड ते सांगायचं आणि सोडून द्यायचं. ते फिरत राहतं. तीनतालाच्या मात्राही १६च, आणि आपल्याकडे या फिरण्याला ‘आवर्तन’ असा छान शब्द आहे. स्लाइड लावला की एक स्वर दुसऱ्यात घसरत जातो, जवळजवळ मींडेसारखा. खऱ्या बेस गिटारसारखा आवाज काही त्या यंत्रातून आला नाही, आणि १९८४ मध्ये कंपनीने ते बंद केलं. पण रागाला हवी ती घसरण त्यात होती. चरणजित सिंगांनी ती ओळखली. खाली मशीन फिरत ठेवलं आणि वर ज्युपिटर-८ वर राग वाजवला.

तेव्हा तो आल्बम चालला नाही. १९८७ मध्ये शिकागोच्या ‘फ्यूचर’ या ग्रुपने याच ३०३ वर ‘ॲसिड ट्रॅक्स’ काढला आणि ॲसिड हाउस नावाचा प्रकार जगभर गेला. २००२ मध्ये एडो बाउमन या डच माणसाला दिल्लीत चरणजित सिंगांची जुनी रेकॉर्ड सापडली, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि लोक थक्क झाले. म्हातारपणी त्यांचे परदेशात कार्यक्रम झाले. २०१५ मध्ये ते मुंबईत वारले.

दुसरीकडे अमेरिकेत डीजे शॅडोने १९९६ मध्ये ‘एंडट्रोड्युसिंग’ हा पहिलाच आल्बम केला, तो जवळजवळ पूर्ण दुसऱ्यांच्या जुन्या रेकॉर्ड्सचे तुकडे, म्हणजे सॅम्पल्स, जोडून! त्याचं मुख्य यंत्र अकाई एमपीसी-६० हा सॅम्पलर. १२ बिटचा, म्हणजे आवाजाच्या फक्त ४०९६ पातळ्या. सीडीला ६५,५३६ असतात. तरी आल्बम गाजला. कारण कुठला तुकडा घ्यायचा, किती वेळ फिरवायचा, कुठे थांबवायचा हे कान ठरवतो, बिट्स नाही.

आणि लांब कशाला, आपल्याच जिल्ह्यात जव्हार-विक्रमगडकडे तारपा ऐका. वाजवणारा फुंकतानाच नाकाने श्वास घेतो, त्यामुळे सूर तुटत नाही. तीच चाल फिरत राहते. ती बदलली की नाचणाऱ्यांची पावलं बदलतात. लूपच की हा, पण छातीच्या जोरावर!

आमच्या शेजारचे एक काका बेंजो पार्टीत होते. दिवसा कंपनीत शिफ्ट, लग्नाच्या सीझनला रात्री हळदी. डीजे आले, सुपाऱ्या कमी झाल्या, पार्टी मोडली. त्यांना मी मोबाइलवर या आल्बममधला कलावती ऐकवला. डोळे मिटून पूर्ण ऐकला आणि म्हणाले, “चांगलं आहे गं. खाली मशीन आहे, पण वर हात माणसाचा आहे. आमच्याकडे वरचा हातच काढून टाकला.”

हे वाक्य डोक्यातून जात नाही. कारण उद्या आपल्यातलेच कितीतरी जण तारापूर एमआयडीसीत पीएलसीचे प्रोग्रॅम लिहितील. तेही लूपच! ज्याच्या जागी ते बसणार, त्याच्या हातात ते देता येईल का, हे आपल्या व्हायव्हात कोणी विचारत नाही. चरणजित सिंगांकडे ते यंत्र आलं. काकांना कुणी विचारलंच नाही.

काकांनी बेंजो अजून विकलेला नाही. आपल्या हॉस्टेलवर लॅपटॉपवर बीट्स बनवणारे चार-पाच जण तरी आहेत. येत्या गॅदरिंगला खाली त्यांचा लूप आणि वर काकांचा बेंजो, असं झालं तर? कल्चरल कमिटीने मनावर घ्यावं. काकांना विचारायचं काम माझ्याकडे!