गुलाबरावच्या बुद्धीचे गुण

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या नियमांत कडक उन्हावर एक परिच्छेद आहे. तापमान १०० फॅरनहाइटला, म्हणजे साधारण ३८ सेल्सिअसला पोचलं आणि जवळ प्यायला पाणी नसलं, तर दर तासाला काटकपणाचा फासा टाकायचा. चुकला की थकव्याची एक पायरी वर. सहाव्या पायरीला माणूस मेला. खापरखेड्यात मी हा नियम पहिल्यांदा वाचून दाखवला तेव्हा मे महिना होता, कूलर फुल्लवर होता आणि कॅरेक्टर शीट उडू नयेत म्हणून त्यांच्यावर वाट्या पालथ्या घातल्या होत्या. आतेभाऊ म्हणाला, “३८? ३८ ले तं आपल्या इथं लग्नं लागते बे.” मग त्यानं पुस्तक ओढून घेतलं आणि त्याच परिच्छेदाच्या शेवटी असलेलं वाक्य काढून दाखवलं: उष्ण प्रदेशाला सरावलेले जीव हा फासा न टाकताच पास. त्यानंतर आमच्या टेबलावर उन्हासाठी कुणी कधी फासा टाकला नाही.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक जण गोष्ट सांगतो, त्याला डीएम म्हणतात. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. पात्र काय करणार ते खेळणारा बोलून सांगतो, जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. पट नाही, जिंकणं-हरणं नाही, एकच गोष्ट वर्षानुवर्षं चालते. पुण्यात शिकताना मला याचं वेड लागलं. कंपनीनं २०१४ मध्ये मूलभूत नियम फुकट वाटले होते. त्यांची झेरॉक्स काढून, स्पायरल बाइंडिंग करून मी ते गठ्ठे घरी आणले. चारच क्लास म्हणजे पात्रांचे पेशे, चारच वंश, पण आम्हाला पुष्कळ झाले. मोठं पुस्तक नंतर वर्गणी काढून घेतलं.

आमचं टेबल म्हणजे वीजकेंद्राच्या कॉलनीतल्या क्वार्टरमधलं जेवणाचं टेबल. २१० मेगावॅटचे चार संच आणि ५०० चा एक, असा १३४० मेगावॅटचा कारखाना उशाशी. त्यामुळे सेशनची तारीख कॅलेंडर बघून ठरत नाही, शिफ्ट बघून ठरते. खेळणाऱ्यांपैकी एक जण कंट्रोल रूममध्ये आहे. त्याची सी शिफ्ट असली की त्याचं पात्र गोष्टीतसुद्धा झोपलेलं असतं. एक जण शिकवण्या घेते, तिला सगळे ताई म्हणतात. आतेबहीण वकिलीचं शिकते. कॉलरीतल्या क्वार्टरमधून एक तेलुगू घरचा पोरगा येतो. सिल्लेवाडा, वलनी या खाणींनी आणि थर्मलनं इथं छत्तीसगडी, तेलुगू, हिंदी, मराठी सगळं एकत्र कालवलं आहे. आमच्या गोष्टीतली एल्फ लोकांची भाषा म्हणूनच पहिल्या दिवसापासून तेलुगू आहे. नाइलाज होता, बाकीच्यांना न कळणारी दुसरी कोणती भाषाच नव्हती!

नवी आवृत्ती आली ती या टेबलावर. खेळाडूंचं पुस्तक सप्टेंबर २०२४ मध्ये, डीएमचं नोव्हेंबरमध्ये, राक्षस-प्राण्यांचं फेब्रुवारी २०२५ मध्ये. प्रत्येकी ४९.९९ डॉलर छापील किंमत. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ मध्ये हा खेळ काढला, त्याला बरोबर पन्नास वर्षं झाली म्हणून मुहूर्त. आधीच्या आवृत्त्यांना आकडे होते. २००० ची तिसरी, २००८ ची चौथी, २०१४ ची पाचवी. या वेळी सहावी म्हणायचं टाळलं. पाचवीच आहे, फक्त नीट केली, जुनं सगळं चालेल, असं सांगितलं. मला तिथंच शंका आली. जे खरोखर चालतं ते चालेल म्हणून सांगावं लागत नाही.

पुस्तक देखणं आहे, यात वाद नाही. ३८४ पानं, जुन्यापेक्षा ६४ जास्त, आणि शोधलेली गोष्ट सापडते. जखम भरायचं औषध प्यायला जुन्या नियमात अख्खी पाळी जायची. आम्ही पहिल्याच महिन्यात तो नियम मोडला होता, घोट मारायचा आणि तलवारही चालवायची. नव्या पुस्तकात तोच नियम छापून आला आहे. कंट्रोल रूमवाला म्हणाला, “पाय, खापरखेड्याहून चोरला यायनं.” जगभरच्या हजारो टेबलांवर हाच घरगुती नियम होता हे त्याला मी सांगितलं नाही. थकव्याचंही सोपं झालं. आधी प्रत्येक पायरीला वेगळा त्रास होता, कुठली पायरी म्हणजे काय हे दर वेळी शोधावं लागे. आता दर पायरीला फाशातून दोन वजा आणि चाल पाच फुटांनी कमी, बस. सोपं आहे, बरोबरही आहे. पण जुन्या तक्त्यात चौथ्या पायरीला जीव अर्धा व्हायचा. तो आकडा मी मोठ्यानं वाचला की टेबलावर जी शांतता पसरायची ती वजा दोननं पसरत नाही. पॅलडिन, म्हणजे देवाच्या नावानं लढणारा योद्धा, खेळणारा तर अजून रुसलेला आहे. त्याची देवाची मार आधी वार लागल्यावर मनात येईल तेव्हा, मनात येईल तितकी चढवता यायची. आता एका पाळीत एकदाच. माझ्या मते हे योग्यच झालं, कारण माझे खलनायक गोष्ट सांगायच्या आधी मरत होते.

एक प्राणी मात्र कुठलीही आवृत्ती सुधारत नाही. १९७७ च्या पहिल्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’पासून त्यात ‘राक्षस’ आहे. आपलाच शब्द, पण तोंड वाघाचं, तळहात उलटे आणि अंगावर उंची कपडे. माझ्या आजीनं सांगितलेल्या एकाही राक्षसाला असले तळहात नव्हते. फेब्रुवारी २०२५ चं पुस्तक उघडल्यावर मी पहिलं ते पान काढलं. वाघ होताच. आमच्या गोष्टीत मी नागपूरच्या मिरवणुकीतले मारबत आणि बडग्या वापरतो, त्यांच्यासाठी आकडे मात्र त्या वाघाचेच घेतो.

खरी रस्सीखेच पात्र बनवायच्या पानांवर झाली. जुन्या नियमात तुम्ही कुठल्या वंशात जन्मला त्यावर गुण मिळायचे. बुटक्यांना काटकपणाचे दोन, एल्फना चपळाईचे दोन. २०१६ च्या एका पुस्तकात तर ऑर्कच्या बुद्धीतून दोन गुण वजा होते. जन्मानं बुद्धी कमी! दीक्षाभूमी ज्या शहरात आहे त्याच्या वेशीवर बसून आम्ही हे खेळत होतो, आणि तेलुगू घरच्या पोरानं ऑर्क जादूगार करायचं ठरवलं तेव्हाच ते वजा दोन मी खोडून टाकले होते. पुढे कंपनीनंही खोडले. नव्या आवृत्तीनं मुळालाच हात घातला. आता जन्माचे गुणच नाहीत. गुण मिळतात ते पार्श्वभूमीवरून, म्हणजे पात्र आधी काय करत होतं त्यावरून. हे वाचून आतेबहिणीनं टाळी वाजवली. मीही वाजवली.

मग ताईनं विचारलं, “माझी नीलांबरी कुठं गेली?” नीलांबरी म्हणजे तिचं पात्र, हाफ-एल्फ. बाप माणूस, आई एल्फ. ताईची आई छिंदवाड्याकडची, वडील सावनेरचे. ती दोन्ही घरांत दुसऱ्या घरची म्हणून वाढली. हे तिनं टेबलावर कधी बोलून दाखवलं नाही, पण नीलांबरी ज्या गावात जाते तिथं आधी कुणाची पोर आहे ते लपवते, हे आम्ही सगळे बघत आलो होतो. नव्या पुस्तकात दहा जमाती आहेत. ऑर्क आत आला, धिप्पाड गोलायथ आला, हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क गेले. ‘अर्धा’ म्हणणं बरं नाही, असा त्यामागचा विचार सांगतात, आणि तो मला कळतो. पण ताई म्हणाली, “अर्धं म्हणू नका ना, पण पानावरून तर काढू नका.”

दुसरा घोळ आतेभावानं काढला. त्याचं नवं पात्र गुलाबराव, शेतकऱ्याचा पोरगा, पोथ्या चोरून वाचून जादूगार झालेला. जादूगाराला बुद्धी लागते. नव्या पुस्तकात सोळा पार्श्वभूमी आहेत, त्यात ‘शेतकरी’ आहे, आणि प्रत्येकीला तीन ठरलेले गुण. शेतकऱ्याला शक्ती, काटकपणा आणि शहाणपण. बुद्धी नाही. बुद्धी हवी तर ‘विद्वान’ किंवा तसलंच काही व्हा.

“म्हणजे वावरात काम केलं का डोकं नाई वाढत,” तो म्हणाला.

“शहाणपण आहे ना,” मी म्हणालो.

“ते तं बैलालेही राहते.”

यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. जन्माची अट काढली हे उत्तम केलं, पण तिच्या जागी धंदा आणून ठेवला, आणि धंदा कुठून येतो हे आपल्याकडे लहान पोराला ठाऊक आहे. अमेरिकेत लिहिणाऱ्याच्या डोक्यात पार्श्वभूमी म्हणजे तरुणपणी केलेली नोकरी असेल. आमच्या टेबलावर ती बापाची असते. २०१४ च्या पुस्तकातही पार्श्वभूमी होत्या, पण त्या गुणांना हात लावत नव्हत्या, आणि त्यांत हवा तो बदल करायची मोकळीक त्याच पुस्तकात होती. आता ती मोकळीक डीएमच्या पुस्तकात गेली आहे. नवी पार्श्वभूमी बनवता येते, पण बनवायची मी. खेळणाऱ्यानं मागायची, मी द्यायची. मला हे आवडत नाही. मी डीएम आहे, तलाठी नाही.

वाट काढली ती आतेबहिणीनं. बाकीचे पोहे संपवत होते तेव्हा ती पुस्तक वाचत होती, आणि तिला एक चौकट सापडली. जुन्या पुस्तकांतली पात्रं वापरायची असतील तर काय, अशी. जुनी जमात चालेल, फक्त तिचे जन्माचे गुण सोडून द्या. जुनी पार्श्वभूमी चालेल, आणि तिच्यात गुण लिहिलेले नसतील तर तुम्हाला हवे तिथे वाढवा. तिनं दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली. २०१४ च्या पुस्तकात ‘लोकनायक’ आहे, साध्या शेतकऱ्या-कामगारांतून वर आलेला. “गुलाबरावला हे लाव. मग दोन्ही गुण बुद्धीत टाक. आणि ताई, तुझी नीलांबरी कायद्यानं आहे.” आतेभावानं पेन्सिलनं बुद्धीपुढचा आकडा खोडून नवा लिहिला.

तिनं आणखी एक सांगितलं, जे मी विसरलोच होतो. जानेवारी २०२३ मध्ये कंपनी जुना खुला परवाना बदलणार असल्याचा मसुदा बाहेर फुटला, खेळणारे चिडले, आणि त्याच महिन्यात कंपनीला माघार घेऊन जुन्या नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्सखाली सोडावा लागला. नव्याचा गाभाही एप्रिल २०२५ मध्ये तसाच सुटला. नाव दिलं की कुणीही ते नियम छापावेत, बदलावेत, मराठीत करावेत. त्या जुन्या गाभ्यात हाफ-एल्फ आहे, आणि तो आता परत घेता येत नाही. मी तेव्हापासून रात्री थोडं थोडं मराठीत करायला घेतलं आहे. लढाईचा भाग झाला. पोहण्याचा आणि चढण्याचा चालू आहे. कन्हान नदी पार करायचा प्रसंग पुढच्याच सेशनला आहे.

पण हे सगळं आमचं, जुन्यांचं भांडण. दिवाळीनंतर कॉलनीतली बारावीची एक मुलगी खेळायला येऊ लागली. तिनं फक्त नवं पुस्तक पाहिलंय. तिनं ‘शेतकरी’ घेतली, शहाणपणात दोन गुण टाकले, देवाची उपासक झाली. कसलीही तक्रार नाही. वाघतोंड्या मारबतीनं गुलाबरावला लोळवलं तेव्हा ती पुढे झाली आणि जखम भरायचा मंत्र म्हणाली. सवयीनं मी तिच्याकडे आठ बाजूंचा एक फासा सरकवला. “दादा, दोन असतात,” ती म्हणाली, आणि पान उघडून दाखवलं. होतेच दोन. सात आणि सहा पडले. गुलाबराव उठून बसला, आणि आतेभाऊ म्हणाला की नव्या पुस्तकातलं एवढं पान आपण ठेवू.