पायांचीही काळजी

हेल्मेट घेताना आपण आयएसआयचा शिक्का शोधतो, पायांचा विचार मात्र फार थोडे करतात. साधी सुती जीन्स हाताला दणकट लागते, पण डांबरावर घसरल्यावर ती क्षणात फाटते.

मला शनिवारी ताम्हिणी घाट उतरून कोकणात जायचं असतं आणि सोमवारी तीच जीन्स घालून ऑफिसात बसायचं असतं. म्हणून बाईकसाठीची जीन्स घेताना मी आधी आतलं लेबल वाचते. बाईकस्वारांच्या संरक्षक कपड्यांसाठीच्या युरोपच्या ईएन १७०९२ मानकात एएए, एए, ए अशा उतरत्या पायऱ्या आहेत. माझ्या वापराला एए पटते. एएए बहुधा जाड आणि गरम.

स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ साली ड्यूपाँटमध्ये शोधलेलं केव्हलार हे दणकट सूत अशा जीन्समध्ये दोन तऱ्हांनी येतं. कुठे गुडघ्याला आणि बुडाला अस्तर म्हणून, कुठे कापडातच विणलेलं. अस्तराची जीन्स आपल्या एप्रिलच्या उन्हात नकोशी होते. एकेरी थराची महाग असते, पण दिवसभर अंगावर राहते, आणि अंगावर असलेलीच वाचवते!

खरी परीक्षा आरशासमोर होत नाही. गाडीवर बसावं, गुडघे वाकवावेत. गुडघ्याचा संरक्षक पॅड मांडीकडे सरकला तर कितीही भारी लेबल असो, ती जीन्स परत ठेवावी. पॅडवर ईएन १६२१-१ लिहिलंय का, तेही बघावं. लेव्हल २ जास्त धक्का शोषते.

मित्रांनो, नव्या सायलेन्सरआधी हा खर्च करा.