कॅपिटॉल चौकातला ओला शनिवार

ऑक्टोबरच्या अखेरीस मॅडिसनमध्ये सूर्य उगवतो सव्वासातनंतर, आणि डेन काउंटीचा शेतकरी बाजार उघडतो सव्वासहाला. पहिला तासभर सगळा व्यवहार काळोखातच चालतो. त्या शनिवारी काळोखाच्या जोडीला पाऊसही होता. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याची ही राजधानी मेंडोटा आणि मोनोना या दोन सरोवरांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसली आहे. त्यामुळे वारा बहुतेक पाण्यावरूनच येतो आणि थेट हाडांत शिरतो. पट्टीच्या मधोमध विधानभवनाचा पांढऱ्या ग्रॅनाइटचा घुमट आहे. हे बांधकाम 1917 साली पुरं झालं. घुमटावरचा सोनेरी पुतळा ढगात पार बुडाला होता, आणि खाली विधानभवनाभोवतीच्या चौकाच्या चारही बाजूंना तंबूंच्या रांगा उजेडाची वाट न बघता भरत होत्या.

आणि माणसं! बोचऱ्या गारठ्यात, सतत झिमझिमणाऱ्या पावसात माणसं येतच होती. कुणाच्या पाठीवर झोळीत तान्हं मूल, कुणाच्या हातात दोन-दोन पिशव्या, एक आजोबा काठी टेकत आलेले. सगळी गर्दी एकाच दिशेने फिरते, प्रदक्षिणेच्या बरोबर उलट, डावीकडे वळत. इथला हा रिवाजच आहे. फोटो काढणाऱ्याला याहून मोठं वरदान नाही. एका कोपऱ्यावर पाय रोवून उभं राहायचं, की अख्खं शहर आपल्याकडे तोंड करून चालत येतं.

उजाडलं तेव्हा मी पहिल्यांदा पाहिलं, की पाऊस रंगांचं काय करतो. कोरड्या पृष्ठभागावर प्रकाश सगळीकडे विखुरतो, त्यामुळे रंगावर एक पांढुरकी साय चढते. पाण्याचा पातळ थर ते विखुरणं कमी करतो आणि आतला रंग गडद होऊन वर येतो. बीट काळसर जांभळं दिसत होतं. लाल मिरच्या जणू पेटल्या होत्या. केल या पालेभाजीच्या कुरळ्या पानांच्या प्रत्येक चुणीत थेंब अडकला होता. वर एकसंध ढग, म्हणून कुठे काळी सावली नाही की डोळे दिपवणारं ऊन नाही. चेहऱ्यावरच्या सुरकुत्यासुद्धा या उजेडात मऊ दिसतात. मात्र तंबूच्या कापडाकडे लक्ष ठेवावं लागतं. निळ्या कापडाखालचं गाजर मळकट दिसतं, लाल कापडाखाली दूधही गुलाबी होतं. म्हणून मी पांढरे तंबू शोधत फिरले. भिंगाला हूड लावलेलं होतं, दर दोन मिनिटांनी भिंग सुती फडक्याने टिपायचं, आणि जादा बॅटरी स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवायची. गारठ्यात बॅटरी लवकर मान टाकते.

एका टेबलावर गाजरांच्या जुड्या होत्या, मातीचा अंश अजून मुळांना चिकटलेला. मागे उभ्या असलेल्या शेतकरीणबाईंनी एक गाजर पुसून पुढे केलं. “खाऊन बघा. परवा रात्री दंव गोठलं, आता खरी चव आली.” खरोखरच ते उसासारखं गोड लागलं. गारठा पडू लागला, की गाजर, केल, ब्रसेल्स स्प्राउट्स अशी पिकं साठवलेल्या पिष्टाची साखर करू लागतात. पेशीतल्या पाण्यात साखर विरघळली की ते पाणी लवकर गोठत नाही. रोप स्वतःचा जीव वाचवतं आणि आपल्या जिभेला गोडवा मिळतो. ज्या थंडीने माझी बोटं शटरवर बधिर होत होती, तीच थंडी हे गाजर पिकवायला राबली होती!

मग जिकडे पाहावं तिकडे या हवेचीच करणी दिसू लागली. दांड्यासकट विकायला ठेवलेले ब्रसेल्स स्प्राउट्स, एकेका दांड्याला कोबीसारखे पण लिंबाएवढे कितीतरी गड्डे. हिवाळाभर टिकणारे जाड सालीचे बटरनट भोपळे. लालबुंद क्रॅनबेरी, जिचं अमेरिकेतलं निम्म्याहून अधिक पीक एकट्या विस्कॉन्सिनमध्ये निघतं. या फळाच्या आत हवेचे कप्पे असतात. काढणीच्या वेळी शेतकरी रानात पाणी सोडतात, फळं वेलीपासून सोडवतात, आणि ती तरंगत वर येतात. शेजारी ताजे चीज कर्ड, दाताखाली चावताना चक्क चूं चूं वाजणारे.

या बाजाराचा कायदा मला सगळ्यात मोलाचा वाटला. 1972 साली बाजार सुरू झाला, आणि इथे फक्त पिकवणाऱ्याने विकायचं, असा नियम आहे. दुसऱ्याकडून घेऊन पुढे विकायला मनाई. समोरच्या टेबलावर जे आहे, ते त्याच घरच्या रानातलं, गोठ्यातलं किंवा पोळ्यांतलं. दंव कधी गोठलं, हे त्या गाजरवाल्या बाईंना नेमकं ठाऊक होतं. कारण त्या रात्री त्या त्याच शेतावर होत्या.

पुढच्या कोपऱ्यावर हमोंग कुटुंबांचे तंबू होते. लाओसच्या डोंगरांतले हे लोक. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेच्या बाजूने लढल्यामुळे 1975 नंतर त्यांना देश सोडून पळावं लागलं. थायलंडच्या छावण्यांतून पुढे पुष्कळजण विस्कॉन्सिनला आले आणि इथल्या जमिनीत आपली भाजी पिकवू लागले. त्यांच्या टेबलावर मुळा होता, मोहरीचा पाला होता, कोथिंबिरीच्या टवटवीत जुड्या होत्या. एवढ्या दूर, एवढ्या गारठ्यात कोथिंबिरीचा वास आला आणि मला भरून आलं. तिथल्या आजींना मी कॅमेरा दाखवून खुणेने विचारलं. त्यांनी मान डोलावली, मुळ्याची जुडी उचलून छातीशी धरली आणि भिंगात सरळ पाहिलं. ओल्या पाल्याचं पाणी मनगटावरून ओघळत होतं. त्या क्षणापासून मी नुसत्या भाजीचे फोटो काढणं थांबवलं. इथे माल आणि माणूस वेगळे करताच येत नाहीत. मग चौकटीत तरी ते वेगळे का करावेत? त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत मी एक हात येऊ दिला. पैसे मोजणारा, सफरचंद पुसणारा, बोटांची टोकं उघडी असलेल्या मोज्यातला.

भाव पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलेले होते आणि घासाघीस कुठे ऐकू आली नाही. कानावर पडत होते ते वेगळेच प्रश्न. यंदा पाऊस जास्त झाला का? लसूण लावून झाला का? बाजार विधानभवनाभोवती आणखी किती आठवडे भरेल? ही माणसं भाजीबरोबर तिची हकिकतही घरी नेत होती. पावसातही ती का येतात, याचं उत्तर मला इथे मिळालं. तंबूत आपल्यासाठी पहाटेपासून कोण उभं आहे, हे त्यांना माहीत असतं.

आपल्याकडे महाराष्ट्रातही 2016 साली भाजीपाला आणि फळं बाजार समितीच्या बंधनातून मोकळी झाली, आणि शेतकऱ्यांचे थेट आठवडे बाजार अरणच्या संत सावता माळींच्या नावाने सुरू झाले. मळ्यातच विठ्ठल पाहणाऱ्या संताचं नाव या कामाला शोभतं. अशा बाजारांत कॅमेरे जायला हवेत, भर पावसाळ्यात, ताडपत्रीखाली. मेथीची जुडी टिपताना ती धरणारा हात आणि त्यामागचा चेहराही टिपला जावा. ज्या शेतकऱ्याला आपण चेहऱ्याने ओळखतो, त्याच्या कष्टाचा भाव पाडताना आपली जीभ नक्कीच अडखळेल. एका छायाचित्राने एवढं साधलं, तर ते पावसात भिजून काढण्याच्या मोलाचं आहे.