कुठलं भोक आधी

डोल जाळं तोंडाशी रुंद असतं आणि मागे निमुळतं होत जातं. तोंडाकडचे आस, म्हणजे दोऱ्यांमधली छिद्रं, मोठे, शेवटच्या टोकाचे अगदी बारीक. भरती-ओहोटीच्या ओढीनं बोंबील, जवळा आत येतो आणि त्या टोकात साचतो. तोंडाशी एखादा आस तुटला तर फारसं बिघडत नाही. टोकाशी तुटला तर सगळा घास समुद्राला परत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. त्या ६१ दिवसांत खारदांड्याच्या कोळीवाड्यात जाळी दुरुस्त करायला बसलेल्यांना कुठलं भोक आधी, हे कुणी सांगावं लागत नाही. बंदी उठली की होडी निघते, जाळं तेव्हा जसं असेल तसं घेऊन.

वांद्रे-कुर्ला संकुल इथून फार लांब नाही, पण तिथे कुठलं भोक आधी, हे कुणी सांगत नाही. तिथल्या एका कचेरीत नोकरी करणारी आमच्या शेजारची मुलगी रात्री अकरालाही लॅपटॉपपुढे दिसते. अहवालातले आकडे केव्हाच तपासून झालेले असतात. साहेबांना शीर्षकाचा रंग पटत नसतो. ज्यांनी अहवाल वाचून निर्णय घ्यायचा, ते तोवर खोळंबतात. हल्ली चूक दिसेल या धाकानं ती कच्चा मसुदा कुणाला दाखवतच नाही. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. आणखी दोन डोळ्यांनी वेळीच पाहिला असता तर तिच्या तपासणीतून निसटलेली आकड्यातली चूक पहिल्याच दिवशी सापडली असती. आता ती चूक शेवटच्या रात्रीपर्यंत आत दडून राहते.

थॉमस करन आणि अँड्र्यू हिल या संशोधकांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या चाळीस हजारांहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातली निर्दोषपणाविषयीच्या प्रश्नांची उत्तरं ताडून पाहिली. स्वतःकडून निर्दोषपणाची अपेक्षा वाढली होतीच, पण सर्वाधिक, ३३ टक्क्यांनी, वाढली होती ती ‘लोकांना माझ्याकडून निर्दोषच हवं आहे’ ही भावना. त्यातले कितीतरी विद्यार्थी आज नोकरीत असतील. त्यांच्या मनातल्या या धाकात साहेबांच्या रात्रीच्या फोनची भर कशाला?

बारकाई हवीच. औषधाच्या मात्रेत, पुलाच्या हिशेबात तर कणभरही ढिलाई नको. पण काम सोपवतानाच साहेबांनी सांगावं: हे तीन आकडे चुकता कामा नयेत, बाकीचं तुझ्या मनानं कर आणि अर्धं झालं की दाखव. एवढं सांगण्यासाठीच तर ते त्या खुर्चीत बसले आहेत.