शिर नसलेला कथेकरी

दातोंगला जावे असे माझ्या मनात कधी आले नसते. आपल्याकडचा प्रवासी चीनची भिंत पाहतो, शांघायचे मनोरे पाहतो आणि परततो. पण आमच्या चिरंजीवांनी हट्ट धरला आणि गेल्या मे महिन्यात बीजिंगहून आगगाडीने सुमारे दोन तासांत आम्ही बापलेक शान्शी प्रांतातल्या या जुन्या शहरात उतरलो.

या हट्टामागे एक व्हिडिओ गेम होता, हे सांगताना थोडा संकोच वाटतो. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ नावाचा चिनी खेळ निघाला. तीन दिवसांत त्याच्या एक कोटी प्रती खपल्या. पुढे तो आमच्याही घरी आला. चिरंजीव तेव्हा बारावीत. एकदा रात्री दोन वाजता त्यांच्या खोलीतून मारामारीचा खणखणाट ऐकू आला आणि मी संतापून संगणकच कपाटात बंद केला. त्यानंतर कित्येक महिने आमचे बोलणे ‘जेवायला चल’ आणि ‘आलो’ यापलीकडे गेले नाही. वर्गात इतकी वर्षे मी मुलांना गोष्टी शिकवल्या. पण घरातल्या मुलाला कोणत्या गोष्टीने एवढे वेड लावले, हे विचारायचे मला सुचले नाही.

या खेळात चीनमधली छत्तीस खरी स्थळे आहेत आणि त्यांतली सत्तावीस एकट्या शान्शीत आहेत. आम्ही पाहायला आलो होतो ती युनगांगची लेणी त्यांपैकीच. इ. स. ४६० च्या सुमारास तान्याओ नावाच्या भिक्षूच्या देखरेखीखाली ती खोदायला सुरुवात झाली. आज तेथे एक्कावन्न हजार मूर्ती आहेत. कुठे जवळजवळ चौदा मीटर उंचीचा बुद्ध, तर कुठे बोटाएवढी मूर्ती.

आठव्या लेण्याच्या दारात मी थबकलो. दाराच्या एका बाजूस तीन मुखांचा, आठ हातांचा देव बैलावर बसलेला. समोरच्या बाजूस पाच मुखांचा, सहा हातांचा देव पक्ष्यावर. चिनी भाषेचे मला एक अक्षर येत नाही, पण येथे त्याची गरज पडली नाही.

“अरे, हा आपला महादेव! आणि तो कार्तिकस्वामी!” मी जवळजवळ ओरडलोच. बौद्ध धर्माबरोबर मध्य आशियातून हे देव एवढ्या लांब आले आणि बुद्धाचे द्वारपाल होऊन राहिले, हे मी मोठ्या उत्साहाने समजावून सांगू लागलो.

चिरंजीवांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “म्हणजे बाबा, यांनीही आपली गोष्ट घेऊन स्वतःसारखी करून सांगितली. ते चालतं. खेळवाल्यांनी केलं की मात्र संगणक कपाटात!”

मला उत्तर सुचले नाही. पुढे गेलो. पश्चिमेकडच्या लहान लेण्यांत कित्येक मूर्तींना शिरेच नव्हती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती कापून परदेशी विकली गेली. अशाच एका मूर्तीपुढे मुलगा बराच वेळ उभा राहिला.

“आमच्या खेळात असाच एक आहे, बाबा. वाळवंटात बसतो, तीन तारांचं वाद्य वाजवतो आणि गोष्ट गातो. त्याला डोकंच नाही. तो लिंगजी बोधिसत्त्व. कादंबरीत पिवळ्या वाऱ्याच्या राक्षसाला हाच आवरतो. खेळात त्याचंच शिर गेलंय.”

“कादंबरीतलं तुला काय ठाऊक?”

“वाचतोय ना. संगणक कपाटात होता, तेव्हा दुसरं काय करणार? ग्रंथालयातून इंग्रजी भाषांतर आणलं. शंभर प्रकरणं आहेत, साठावर आलोय.”

सोळाव्या शतकातली ‘पश्चिमेची यात्रा’ ही ती कादंबरी. मी मराठीचा प्राध्यापक. तिचे नाव मला ठाऊक होते, एक प्रकरणही वाचलेले नव्हते! मग तेथेच एका दगडी पायरीवर बसून मी ती मुलाकडून ऐकली. कादंबरीच्या शेवटी वानर वुकाँगला बुद्धपद मिळते. खेळ सुरू होतो तो त्यानंतर. वुकाँग ते पद सोडतो, देवसेनेशी लढतो आणि पडतो. त्याची सहा इंद्रिये सहा अवशेष होऊन विखुरतात. ते गोळा करायला एक तरुण वानर निघतो. तो एक शब्द बोलत नाही. बोलतो, गातो तो शिर नसलेला कथेकरी, आणि त्याचे गाणे उत्तर शान्शीच्या शेजारच्या प्रांतातल्या लोककथाकारांच्या धाटणीचे. आपला कीर्तनकारही हेच करतो. आख्यान श्रोत्यांना ठाऊक आहे असे धरून चालतो आणि नेमक्या जागी वेगळे वळण देतो. ज्याला मूळ ठाऊक नाही, तो घरी जाऊन पोथी उघडतो. माझ्या मुलाने नेमके तेच केले होते.

परतीच्या गाडीत त्याने विचारले, “वुकाँग म्हणजे आपला हनुमानच का?”

“हू श या विद्वानाने १९२३ मध्ये तसं मत मांडलं. लू शून यांना ते पटलं नाही. त्यांनी वानराचं मूळ चीनच्याच जुन्या कथांत शोधलं. पण वानराचा गुरू मात्र खरा होता. ह्युएनत्संग. तो आपल्याकडे, महाराष्ट्रात येऊन गेला, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात.”

“खरंच? काय म्हणाला आपल्याबद्दल?”

“म्हणाला की, ही माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत.”

चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिले. “बरोबर लिहिलंय,” ते म्हणाले, आणि आम्ही दोघेही मोठ्याने हसलो.

ह्युएनत्संगाने डोंगरातल्या एका विहाराचे वर्णन केले आहे. त्याच्या दाराशी दगडी हत्ती होते. ते अजिंठाच, असे विद्वान मानतात. या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तेथे जाणार आहोत. संगणक केव्हाच कपाटातून बाहेर आला आहे. आणि त्या कादंबरीचे चाळिसावे प्रकरण सध्या माझ्या उशाशी आहे.